एका भरीचा वेळ

चुन्याची चांगली भाजलेली कळी पाण्यात टाकली, की वीस आकडे मोजेपर्यंत ती नुसती पाणी पिते. बारीक बुडबुडे येतात, सूं असा आवाज येतो. तिसाच्या आसपास पहिली भेग जाते. साठाला पाणी उकळायला लागतं आणि शंभर मोजून होईतो कळीच्या जागी पांढरं, फुगलेलं, मऊ पीठ बसलेलं असतं. त्या सकाळी तिने पत्र्याच्या डब्यात एक कळी सोडली आणि उकिडवं बसून मोजायला सुरुवात केली. साठ झाले, शंभर झाले. एकशेचाळीसला एका कोपऱ्याची खपली निघाली. डब्याला तळवा लावून पाहिला तर तो जेमतेम कोमट होता. दोनशेला तिने मोजणं सोडलं. कळी चिमट्याने बाहेर काढून दगडावर ठेवली आणि हातोडीने फोडली. वरून बोटभर पांढरी, आत करडा, जड, कच्चा दगड. खाणीतून आला होता तसाच.

या आठवड्यातली ही चौथी. तिने तुकडे घमेल्यात घेतले, मागच्या राखेच्या ढिगापर्यंत गेली आणि ढिगात पायाने खळगा करून पुरून टाकले. नवऱ्याला दिसायला नकोत म्हणून.

नवरा वर होता. भट्टी म्हणजे जमिनीवर उभी केलेली विहीरच. चार पुरुष उंच, गोल, आतून जुन्या विटांची. वरच्या तोंडातून चुनखडीचा एक थर आणि दगडी कोळशाचा एक थर टाकत जायचं, त्याला भर म्हणायचं. खालच्या दारातून भाजलेली कळी पहारीने ओढायची, ती काढ. सकाळी आणि संध्याकाळी भर, दुपारी काढ. मधे आग. भर आणि काढ चालू असेपर्यंत आग विझत नाही, आणि ही आग शंभर वर्षांहून अधिक काळ विझली नव्हती.

"आलीस का?" वरून आवाज आला. "दगड संपला इथला."

"आले, आले."

तिने घमेलं भरलं आणि मातीची चढण चढू लागली. पूर्वी तिचं काम खालचं होतं. काढलेली कळी निवडायची, पोती भरायची. नवरा वरचं बघायचा. आता तो रिकाम्या हातांनी चढतानाही तीनदा थांबायचा. पहिल्यांदा वळणावर, दुसऱ्यांदा मोडक्या कठड्यापाशी, आणि तिसऱ्यांदा अगदी वर पोचायला चार पावलं राहिली की. थांबला की कमरेवर हात ठेवून लांबवर बघायचा, जणू काही बघण्यासारखं आहे. तीही मग मागे थांबायची आणि तिकडेच बघायची.

साथीच्या पहिल्या वर्षी सासू गेली. दुसऱ्या वर्षी नवऱ्याला तोच आजार झाला. तो सोळा दिवस खोलीत एकटा पडून होता. ताप उतरला, खोकला राहिला. खोकलाही हळूहळू गेला. दम मात्र गेला तो परत आला नाही. आणि आणखी एक गोष्ट गेली होती. ती त्याने कुणाला सांगितली नव्हती.

तिला ती दुधामुळे कळली. एका दुपारी तो चुलीशेजारी बसला होता, हातभर अंतरावर. दूध उतू गेलं, तळाला लागलं, करपून काळा धूर निघाला, तरी हा गुडघ्यावर हनुवटी टेकून जमिनीकडे बघत राहिला. ती बाहेरून धावत आली. त्याने मान वर केली, तिचा चेहरा पाहिला, मग नाक ओढलं आणि म्हणाला, "दूध लागलं वाटतं."

आधी चेहरा पाहिला, मग नाक ओढलं. तिने तो क्रम नीट लक्षात ठेवला.

या भट्टीला दुसरं मोजमाप नव्हतं. किती भाजलं, कुठल्या बाजूला आग जास्त धरली, खालून काढायची वेळ झाली की नाही, हे सगळं वासावर ठरायचं. कच्च्या कोळशाचा वास तिखट असतो. दगड पिकत आला की तो बसतो आणि तापलेल्या कोरड्या तव्यासारखा वास सुटतो. नवऱ्याला हे बापाने शिकवलं, बापाला त्याच्या बापाने. तो भट्टीच्या तोंडाशी उभा राहून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "पिकलं. काढा." तेव्हा दहा गावचे गवंडी डोळे मिटून चुना न्यायचे. आताही तो तसाच उभा राहायचा, तसेच डोळे मिटायचा आणि तसंच म्हणायचा. ती खाली पहार धरून उभी असायची आणि काढायला लागायची. काय बोलणार? माणसाला सांगायचं तरी कसं, की तुझं नाक गेलं म्हणजे तू गेलास?

भर घालून दोघं उतरली तेव्हा सासरे भिंतीच्या उन्हात बाजेवर बसले होते. पंच्याऐंशी वर्षांचा म्हातारा. डोळे शाबूत, गुडघे गेलेले. भट्टीवर चढून त्याला नऊ वर्षं झाली होती. चौदा वर्षांची नात, या दोघांची लेक, शेजारी पोत्यांची तोंडं शिवत होती. तिचा मास्क हनुवटीवर लोंबत होता.

"आजोबा, तो पेपरवाला परत फोन करणार होता ना?"

"करेल की."

"मागच्या वेळी काय विचारलं त्याने?"

"शंभर वर्षांपूर्वीच्या त्या तापाचं विचारत होता. म्हणाला, आजोबा, तेव्हा मास्क होते का? म्हटलं, चुना होता." म्हातारा हसला, मग खोकला. "खरंच होता. गटारात चुना, भिंतीला चुना, खड्ड्यांत माणसांवर चुना. भट्टीखाली गाड्यांची रांग लागायची. माझा बाप तेव्हा तिशीतला. गावात माणसं तीन दिवसांत निळी पडून मरत होती आणि माझ्या बापाने एक दिवस आग विझू दिली नाही."

नातीला ही गोष्ट पाठ होती. पुढचं वाक्य तीच म्हणाली. "घरातली माणसं गेली तरी."

"घरातली गेली तरी," म्हातारा म्हणाला आणि उन्हातून पाय आत ओढून घेतले.

टेम्पोचा आवाज आला. गवंडी उतरला. गेली वीस वर्षं तो इथूनच चुना नेत होता. हातात एक पिशवी होती आणि चेहऱ्यावर, मास्कच्या वरच्या अर्ध्या भागात, राग होता.

"भाऊ आहे का खाली? की वर वास घेत बसलाय?"

"इथेच आहे. बस की," नवरा म्हणाला.

"बसायला नाही आलो. शाळेच्या भिंतीला देवी आल्यात, ते सांगायला आलो." त्याने पिशवी बाजेवर उलटी केली. गिलाव्याच्या खपल्या पडल्या. प्रत्येकीच्या मध्यभागी हरभऱ्याएवढा खळगा. "महिना झाला गिलावा करून. आता एकेक दाणा फुलतोय आणि उडतोय. मुख्याध्यापक मला सगळ्यांसमोर विचारतो, काय गवंडी, भिंतीला लस टोचायची राहिली का?"

नात हसली आणि लगेच गप्प झाली.

"कोळसा ओला आला या खेपेला," नवरा म्हणाला.

"मागच्या खेपेलाही ओला होता. त्याच्या मागच्याही. कोळसा काय नदीतून काढून आणता?" गवंड्याने खिशातून एक कळी काढली. "अर्धी भट्टी करपलेली, अर्धी कच्ची. करपलेली भिंतीत गेल्यावर फुलते आणि कच्ची मेली तरी फुलत नाही. मी चाळू किती? निवडू किती?"

सासऱ्यांनी हात पुढे केला. गवंड्याने कळी त्यांच्या तळव्यावर ठेवली. म्हाताऱ्याने ती दोनदा हलकेच उडवून झेलली. दगड भाजला की निम्म्याने हलका होतो. इतक्या वर्षांत त्या तळव्याला ते तोळ्यामाशाने कळत होतं.

"आत दगड आहे," तो म्हणाला. कळी त्याने बाजेवर ठेवली, खपल्यांपासून जरा लांब.

"बाबा, तुम्हाला फोडायचीही गरज पडत नाही. मला भिंतीवर गेल्यावर कळतं." गवंड्याचा आवाज उतरला. "हे बघ भाऊ, राग मानू नकोस. पुढचं काम मी दुसरीकडून घेणार आहे. तुला झालं काय? डोळे मिटून सांगायचास तू."

"आत्ताही सांगतो." नवऱ्याने डोळे मिटले, मान वर करून श्वास ओढला. "आत्ता वरच्या थराने धरलंय. उगवतीची बाजू पुढे आहे."

तिने वर पाहिलं. वारा घराकडून भट्टीकडे होता आणि सगळा धूर पलीकडे खाणीवर जात होता. इथे त्याचा मागमूसही नव्हता. गवंड्यानेही वर पाहिलं. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने फावडं उचललं आणि काढलेल्या कळीच्या ढिगाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. थंडी होती, आणि थंडीत वारा पडला की धूर वर जात नाही. भट्टीच्या तोंडाभोवतीच घोटाळत बसतो. अशा दिवशी वर फार थांबायचं नाही, घमेलं रिकामं करायचं आणि दहा पावलं मागे यायचं, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं गेलं होतं. सांगणारा तोच होता. "घशाशी तिखट लागलं की पळ," तो म्हणाला होता. "त्यातलं मारणारं जे असतं ना, त्याला वास नाही. पण ते तिखटाचं बोट धरून येतं."

ती त्या दिवशी खाली होती. दारातल्या जाळीत एक मोठी कळी अडकली होती आणि पहारीने ती फोडल्याशिवाय पुढचं येत नव्हतं. दगड वर आधीच नेऊन ठेवला होता. वरून घमेलं ओतल्याचा आवाज यायचा, खळळ, मग साधारण ऐंशी आकड्यांनी दुसरा. ती मुद्दाम मोजत नव्हती. हातांना कामाची लय असते तशी ती कानांना होती.

ऐंशी झाले. आवाज आला नाही.

तिने पहार थांबवली. शंभर. सव्वाशे. "अहो!" ती ओरडली. दीडशे.

तिने पहार टाकली आणि धावत सुटली. मोडक्या कठड्यापाशीच घशात तिखट टोचलं. वर धूर कमरेएवढा साचला होता आणि त्यात तो दगडांच्या ढिगाला पाठ टेकून बसला होता, निवांत, आपल्याच दारात बसल्यासारखा. मान एका बाजूला. तिने श्वास कोंडला, त्याच्या काखांत हात घातले आणि ओढलं. पाच पावलं. मागे वळून श्वास घेतला, परत गेली. लेक खालून चढत येत होती.

"वर येऊ नकोस! वळणावर थांब, तिथून पाय धर!"

दोघींनी त्याला कसाबसा खाली आणून मोकळ्यावर निजवला. त्याच्या टाचांना चढणीची माती लागली होती, एक चप्पल वर राहिली होती. चेहरा लालसर होता, आजारी माणसाचा वाटतच नव्हता. तो कण्हला, कुशीवर झाला आणि ओकला. लेकीने घरातून बोटाला लावायचा चिमटा आणला. सोळा दिवसांच्या आजारात हा चिमटाच त्यांचा देव होता.

"अठ्ठ्याण्णव," लेक म्हणाली. "आई, अठ्ठ्याण्णव आहे! ठीक आहे ना मग?"

तिने तो आकडा स्वतः पाहिला. त्या आजारात हाच चिमटा चौऱ्याऐंशी दाखवत होता आणि नवरा खिडकीतून विचारत होता, भट्टीच्या डाव्या बाजूला एवढा दगड कुणी टाकला. आज अठ्ठ्याण्णव, आणि त्याला समोरची मुलगी ओळखू येत नव्हती.

तिने दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन लावला.

"त्या चिमट्यावर जाऊ नका," त्या म्हणाल्या. "कोळशाचा वायू रक्तात असला की त्याला फरक कळत नाही, तो चांगलाच आकडा दाखवतो. ऑक्सिजन लावावा लागेल. आहेत तसे घेऊन या, लगेच."

दुसरा फोन तिने गवंड्याला केला. तो अंगावरच्या कामाच्या कपड्यांत आला. टेम्पोत रिकामी पोती अंथरलेली होती. निघताना सासरे बाजेवरून अर्धवट उठले होते, हात टेकायला भिंत शोधत.

"मामंजी, तुम्ही बसा. लेकीला ठेवून जातेय."

"भर..." ते म्हणाले आणि थांबले. "जा. जा तुम्ही."

दवाखान्यात त्याला दुपारपर्यंत ऑक्सिजन लावला. ती दाराबाहेरच्या बाकावर बसली. जमिनीवर अंतर ठेवायला काढलेली पिवळी वर्तुळं अजून पुसली गेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी सासू याच दारातून चालत आत गेली होती, हातात चपला घेऊन, कारण फरशी नुकतीच पुसलेली होती. त्याचं डोकं दुखायचं थांबलं तेव्हा नर्सबाईंनी त्याचा ओकारी लागलेला शर्ट फिनेलच्या पाण्यात पिळून अंगात घालायला दिला आणि तिला बाजूला घेऊन विचारलं, "धुराचा वास नाही का आला त्यांना?"

"वारा पडला होता," ती म्हणाली.

सगळे परत आले तेव्हा ऊन भट्टीच्या कमरेवर आलं होतं. धूर पातळ झाला होता. गवंडी टेम्पो बंद करून चाकापाशी उभा राहिला. नवरा उतरला, फाळक्याला धरून उभा राहिला आणि सगळ्यात आधी त्याने वर पाहिलं.

"सकाळची भर अर्धीच गेली," तो म्हणाला. "आग खाली सरकलीय. आता नाही घातली तर उद्या उजाडेपर्यंत बसेल ती."

"आत चला. पडा जरा."

"पडतो ना. एवढी एक भर घालतो आणि पडतो."

"असंच म्हणाला होता तो," सासरे म्हणाले.

ते इतक्या हळू बोलले की नवऱ्याला आधी ऐकू गेलं नाही. "कोण?"

"माझा बाप." म्हाताऱ्याने हातातली काठी दोन्ही पायांच्या मध्ये उभी धरली. "माझ्या आईच्या आधीची त्याची बायको. दोन पोरं त्या तापात आधीच गेली होती, मग ती पडली. शेजारीण भट्टीखाली येऊन ओरडली, बोलावतेय तुला. हा वरून म्हणाला, एवढी एक भर घालून आलोच." म्हातारा नातीकडे वळला. "एका भरीला किती वेळ लागतो गं?"

"अर्धा तास," नात म्हणाली. "बाबांना आता पाऊण."

"तो तरणा होता. अर्ध्या तासाच्या आतच आला असेल. तोवर तिच्या तोंडावर कापड टाकलेलं होतं."

भट्टीत कुठेतरी दगड सरकला.

"पण आग राहिली," नवरा म्हणाला.

"राहिली ना. गावाने डोक्यावर घेतला त्याला. मीही तेच सांगत आलो, पेपरवाल्यालाही तेच सांगितलं. शेवटच्या आजारात त्याने मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, आग विझली असती तरी नऊ दिवसांत पुन्हा पेटली असती. मला तेव्हाही माहीत होतं. एवढंच बोलला." म्हाताऱ्याने काठी जमिनीत रेटली. "तुझ्या आईला नेलं तेव्हा मी दवाखान्याच्या फाटकाशी दोन दिवस बसलो होतो. आत सोडलं नाही. त्याला जाता येत होतं तर तो गेला नाही. मला जायचं होतं तर जाऊ दिलं नाही. शंभर वर्षांत एवढाच काय तो फरक."

"मग आता काय करू म्हणता? विझवू?"

"मला विचारू नकोस. आग राखा, आग राखा, हेच सांगत जन्म गेला. दुसरं तोंडातून निघत नाही माझ्या."

नवऱ्याने ढिगाजवळचं घमेलं उचललं आणि चढणीकडे निघाला. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

ती त्याच्या पुढे जाऊन चढणीच्या तोंडाशी उभी राहिली.

"तुमच्या शर्टाला कसला वास येतोय?" तिने विचारलं.

"काय?"

"शर्टाला. कसला वास येतोय, सांगा."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघू लागला, गेले चार महिने बघत होता तसा, बारकाईने, डोळ्यांच्या कडांपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत. तिने गळ्यातला मास्क वर ओढला. नाकावरून पार डोळ्यांच्या खालपर्यंत. आता तिथे वाचायला काही नव्हतं.

तो बघत राहिला. मग त्याची नजर खाली घमेल्यात गेली.

"धुराचा," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "ओकलो होतो, त्याचा असेल." गवंड्याने मान फिरवली. टेम्पोच्या चाकाजवळ उभ्या असलेल्या त्यालाही फिनेलचा वास येत होता.

ती वाटेतून हलली नाही.

"नाही येत," नवरा म्हणाला. "आजारापासून नाही. कसलाच नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून माहीत आहे?"

"दूध लागलं त्या दिवसापासून."

त्याने घमेलं खाली ठेवलं, पण कडेवरचा हात काढला नाही. वाकलेलाच राहिला, त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. "ही गार झाली ना, तर आतली वीट सुटेल. शंभर वर्षं तापलेली वीट आहे. परत पेटेलच असं नाही."

"हो."

"घर हिच्यावर आहे."

"हो."

"मग?"

तिने मागे वळून वर पाहिलं. धूर आता इतका विरळ झाला होता की त्यातून पलीकडची खाण दिसत होती. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून तिच्याकडे बघत होता. चार महिने रोज सकाळी डब्याशी बसून मोजताना हे वाक्य तिच्या जिभेवर येऊन परत गेलं होतं. तिने मास्क खाली ओढला.

"आज भर घालायची नाही," ती म्हणाली. "उद्याही नाही. विझू दे तिला."